जमुनेचे केस आणि पावशेर जवस

जमुनेच्या केसांना हात लावा, असं मला कोणीही सांगितलं नव्हतं. उलट तिघींनी 'लावू नका' म्हणून बजावलं होतं. पहिली माझी बायको सुभद्रा, दुसऱ्या शेजारच्या तानुबाई आणि तिसरी, जिचे ते केस होते ती स्वतः, कुमारी जमुना, वय वर्षे आठ. असं असताना एका शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता मी सहज ठरवलं की आज पोरीची वेणी आपणच घालावी. एवढंच. माणसं याहून मोठे निर्णय घेतात, घरं बांधतात, म्युनिसिपालिटीच्या इलेक्शनला उभी राहतात आणि सुखरूप बाहेर पडतात. मी एका वेणीत अडकलो.

ही गोष्ट सदतीस सालच्या एप्रिलातली. तेव्हा मी अमरावतीला डिप्टी कमिशनरच्या कचेरीत कारकून होतो आणि बुधवाऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. माझा मेव्हणा चंद्रभान याचं लग्न अकोल्याला मंगळवारी होतं. सुभद्रा आठ दिवस आधीच माहेरी गेली. जमुनेची तिसरीची परीक्षा शनिवारपर्यंत होती, म्हणून ती माझ्याजवळ राहिली. रविवारी आम्ही बापलेकीनं गाडी धरायची असं ठरलं. जमुना मामाची करवली होती. म्हणजे नवरदेवाच्या मागं पाण्याचा करा घेऊन तिनं उभं राहायचं आणि साऱ्या मांडवानं नवरदेवाला सोडून तिच्याकडं पाहायचं.

आता केसांविषयी. आमच्या घराण्यातले केस सरळ. पाणी लावलं की बसतात, साहेब दिसला की आणखी बसतात. सुभद्राच्या माहेरचे कुरळे. सासूबाईंचे कुरळे, सुभद्राचे त्याहून कुरळे आणि जमुनेच्या डोक्यावर तर कुरळ्या केसांची एक स्वतंत्र तहसीलच होती. एकेक बट स्वतःभोवती चार वेढे घेऊन बसलेली. ओढली की कमरेपर्यंत यायची, सोडली की पुन्हा कानाशी जाऊन गुपचूप बसायची. सासूबाईंना याचा फार अभिमान. "जमीन लोक इकत घेतात, असे केस इकत मिळत नाही," असं त्या चारचौघांत म्हणायच्या (आणि म्हणताना माझ्याकडं पाहायच्या).

टांग्यात बसता बसता सुभद्रानं मला सूचना दिल्या होत्या.

"हे पाहा, केस कोरडे असले का विंचराचे नाही. ओले असतानी, तेल लावून, मोठ्या दाताची लाकडी फणी घ्याची. आन् वरून नाही बरं, टोकापासून..."

"हो, हो."

"काय हो? काय सांगतलं मी?"

"टोक," मी म्हणालो.

"तुमी ऐकूनच नाही राहिले. जाऊ द्या. मी तानुबाईले सांगून ठेवलं, त्या रोज वेणी घालून देतीन. तुमी फक्त हात लावू नका. आन् एक सांगतो, पोरीच्या केसाले कैची लागली तं तुमी अकोल्याले येऊच नका. लग्न तुमच्याबिगर होईन."

खरं सांगायचं तर हा दोष माझ्यात लहानपणापासून आहे. वाक्य संपेपर्यंत मला थांबवत नाही. पायात भिंगरी असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील, माझ्या कानातही आहे. कचेरीत 'आपल्या पत्रास अनुसरून' इथपर्यंत वाचलं की मी उत्तर लिहायला घेतो. (माझी उत्तरं वाचून लोक पुन्हा पत्र पाठवत. त्यामुळे कचेरीत काम पुष्कळ आहे असं दिसायचं आणि साहेब खूश असायचे.)

चार दिवस तानुबाईंनी व्यवस्थित वेणी घातली. तानुबाई म्हणजे आमच्या शेजारच्या नत्थुजी माळ्याच्या घरच्या. त्यांचा वडाळीच्या रस्त्याला मळा होता. सकाळी त्या भाजी आणि फुलं घेऊन बाजारात जात आणि जाता जाता जमुनेला समोर बसवून दहा मिनिटांत मोकळी करत. पण गुरुवारी तेल्हाऱ्याहून निरोप आला की त्यांची लेक बाळंत झाली. तानुबाई गाठोडं बांधून निघाल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आज घातली ते वेणी दोन दिवस टिकते. शनिवारी सांजी मी आली का पाहीन. तवरिक सोडू नका."

मी सोडली.

का सोडली, याचं एक कारण भगवंतराव. ते आमचे हेडक्लार्क. गुरुवारी दुपारी मी त्यांना घरची अडचण सांगितली, तर पानाची पिंक टाकून आले आणि म्हणाले, "देवीदास, केस म्हणजे फाईल. वरून सुरुवात कराची, क्रमानं खाली याचं. बायका उगाच त्याचं शास्त्र करून ठेवतात." भगवंतरावांना चार मुलगे होते आणि चौघांचीही डोकी महिन्याच्या महिन्याला तासली जात. हे मला नंतर आठवलं. दुसरं कारण असं की सुभद्राला एकदा दाखवून द्यावं असं मनात होतं. अकोल्याच्या मांडवात कोणीतरी विचारावं, "काय सुंदर वेणी! कोणी घातली?" आणि सुभद्रानं नाइलाजानं माझ्याकडं बोट दाखवावं.

शुक्रवारी पेपर नव्हता आणि कचेरीला कसलीशी सुट्टी होती. मी जमुनेला न्हाणीत बसवलं, वेणी सोडली आणि केस धुतले. शिकेकाई कुठं ठेवली ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून कपड्याचा साबण घेतला. फेस छान झाला. मग खरखरीत पंच्यानं मी डोकं असं खसाखसा पुसलं की पोरीचे दात वाजले. मग तिला अंगणात उन्हात बसवलं. एप्रिलातलं अमरावतीचं ऊन. पाव तासात केस वाळले, आणि वाळले म्हणजे उभे राहिले. जिनातून सरकी काढलेला कापूस बाहेर पडतो ना, तसा एक ढीग, फक्त काळा. त्याच्या मधोमध जमुनेचं तोंड, ढोलीतून पिंगळा पाहतो तसं माझ्याकडं पाहत होतं.

मी शिंगाची बारीक दातांची फणी घेतली आणि भगवंतरावांच्या सांगण्याप्रमाणं वरून सुरुवात केली.

"बाबा, आई टोकाकून विंचरते."

"तुझ्या आईची पद्धत जुनी आहे."

"बाबा, आई ओल्यातच विंचरते."

"गप बस. हलू नको."

"मी हलून नाही राहिली. फणीच हलून नाही राहिली."

खरंच हलत नव्हती. टाळूपासून दोन बोटं खाली ती गेली आणि तिथंच तिनं मुक्काम केला. पुढं ढकलली तर जमुना ओरडे, मागं ओढली तर मी ओरडे (कारण दातात माझी नखं सापडत). तिला बाहेर काढण्यासाठी मी खिशातला माझा कंगवा बाजूनं आत घातला. तोही राहिला. दोघांना सोडवायला जमुनेची पेन्सिल घातली. ती परीक्षेची होती. अर्ध्या तासानं माझ्या लेकीच्या डोक्यात एक फणी, एक कंगवा आणि एक पेन्सिल अशी सरकारी मालमत्तेसारखी यादी करण्याजोगी चीजवस्तू जमा झाली होती.

"बाबा," जमुना शांतपणे म्हणाली, "आता बस."

मी थांबणाऱ्यातला नव्हतो. उडी मारून कुंपणापलीकडे नत्थुजींकडं गेलो. नत्थुजी बैलाला पाणी दाखवत होते. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली.

"आमच्या या ढवळ्याच्या शेपटीले गोखरूचा काटा गुंतते ना, तवा मी जवस उकडतो. पान्यात चांगले खदखदू द्याचे. बुळबुळीत होते ते. केसाले लावलं का गोखरू काय, फणी काय, सऽऽरकन निंगते. उकडले का खाली उतरवाचे, आन् मंग..."

'आन् मंग' हे शब्द मी कुंपणावर असताना ऐकले.

घरी पावशेर जवस होते, चटणीसाठी आणलेले. सगळेच पातेल्यात टाकले. (बैलाच्या शेपटीला लागतात तेवढे लेकराच्या डोक्याला लागतीलच असा हिशेब.) ते खदखदले, फुगले, पातेल्याच्या काठावरून खाली उतरून चुलीकडं निघाले, तेव्हा मी पातेलं उचललं. जरा निवल्यावर तो लगदा ओंजळी भरभरून जमुनेच्या डोक्यावर थापला. आणि नत्थुजी खोटं बोलले नव्हते! फणी सुटली. कंगवा सुटला. पेन्सिल तर आपणहून खाली पडली. मी अंगणात अक्षरशः नाचलो. जमुनासुद्धा हसली. केसांत बोटं घातली की सरळ आरपार जात होती. ओल्या बटा चमकत होत्या, एकेक आपापल्या वळणावर येऊन बसली होती.

"बाबा, डोक्यात काही चावते."

मी वाकून पाहिलं. तिच्या डोक्यात पावशेर जवस होते. दाणा आणि दाणा. तपकिरी, चपटे, चकचकीत, टाळूपासून टोकापर्यंत.

"धुऊन टाकू," मी म्हणालो आणि पहिली बादली ओतली.

जवस आणि पाणी यांचं नातं तुम्हाला माहीत असेल, मला नव्हतं. जेवढं पाणी ओतावं तेवढा तो दाणा अधिक बुळबुळीत होतो आणि अधिक जिवाभावानं चिकटतो. मी पाच बादल्या ओतल्या. पाचव्या बादलीनंतर आम्ही दोघंही एकमेकांच्या हातातून निसटायला लागलो. तेवढ्यात कुंपणावरून नत्थुजींनी डोकं वर काढलं.

"देवीदासजी, तुमी निंगून गेले. मी सांगत होतो का आन् मंग फडक्यातून गाळून घ्याचं."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी जमुनेकडं पाहिलं. "राम राम," असं म्हणून ते खाली बसले.

संध्याकाळपर्यंत सगळं वाळलं आणि टणक झालं. टिचकी मारली की वाजत असे. शनिवारी सकाळी मी तिच्या डोक्याला फडकं बांधून शाळेत पोचवलं. दुपारी आणायला गेलो तर पोरगी व्हरांड्यात एकटीच बसून पेपर लिहीत होती. बाई बाहेर येऊन अदबीनं म्हणाल्या, "गणित तिचं चांगलं गेलं असावं. पण बाकीच्या मुलींच्या डोक्यात जातील म्हणून बाहेर बसवलं. औषध करा हो काही."

"ते जवस आहेत," मी म्हणालो.

"आमच्याकडं वेगळं नाव आहे," असं म्हणून बाई आत गेल्या.

संध्याकाळी तानुबाई येणार म्हणून मी चार वाजल्यापासून दारात येरझारा घालत होतो. तानुबाई आल्या नाहीत, निरोप आला. नातवाची पाचवी करूनच परत येणार होत्या. मी घरात आलो. बसलो. उठलो. पुन्हा बसलो. शेवटी शिवणाच्या डब्यातली कैची काढली. मनात म्हटलं, थोडेसेच कापू. खांद्यापर्यंत. करा धरायला केस थोडेच लागतात! आणि सुभद्राला काय सांगायचं ते गाडीत सुचेल.

जमुना पाटावर बसून माझ्या हाताकडं पाहत होती. रडली नाही. वेणी पुढं घ्यावी तसा तिनं तो वाळलेला गठ्ठा दोन्ही हातांनी पुढं घेतला आणि म्हणाली, "कापा बाबा. पण आईले तुमी सांगू नका. मी सांगीन का मीच कापले. मले आई मारत नाही. तुमाले लय बोलते."

कैची मी डब्यात ठेवली. डब्याचं झाकण लावलं. मग उगीचच ते झाकण नीट बसलंय की नाही हे तीन वेळा पाहिलं. रडू आलं की मला असं काहीतरी काम लागतं.

रविवारी सकाळी माझा चांगला रेशमी कोशाचा फेटा मी जमुनेच्या डोक्याला बांधला आणि आम्ही निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. प्लॅटफॉर्मवर ऊन मी म्हणत होतं. फेट्यात पोरीला घाम आला, तिनं तो जरा ढिला केला, मागून एक भोक पडलं, आणि त्या भोकाशी एक चिमणी येऊन बसली. मग दुसरी आली.

"बाबा," जमुना ओठ न हलवता म्हणाली, "चिमणी आहे. मी हलू का नको?"

"हल!"

"राहू द्या ना. गुदगुल्या होऊन राहिल्या."

मी टोपीनं चिमण्या हाकलत होतो आणि लोक मला पाहत होते. तेवढ्यात अकोल्याची पॅसेंजर आली. लग्नसराईचे दिवस, तिसऱ्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. कशीबशी एका बाकड्याच्या टोकाशी चार बोटं जागा मिळाली. गाडीनं हिसका दिला आणि फेटा घसरून जमुनेच्या मांडीवर पडला.

समोरच्या माणसानं पाहिलं. त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. "उवा," कोणीतरी म्हणालं. पुढच्या क्षणी आमचं बाकडं रिकामं झालं. समोरचंही. इतकी ऐसपैस जागा मला तिसऱ्या वर्गात ना आधी मिळाली, ना नंतर.

हलल्या नाहीत त्या फक्त एक म्हाताऱ्या बाई. त्यांचं नाव माणिकबाई, बोरगावकडच्या शेतकरी बाई होत्या, हे नंतर कळलं. त्या सरकत सरकत जमुनेजवळ आल्या, तिच्या केसातला एक दाणा चिमटीत धरून काढला, डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवला आणि उजव्या अंगठ्याचं नख त्यावर दाबलं. साऱ्या डब्यानं श्वास रोखला.

"मरत नाही वो," माणिकबाई म्हणाल्या. पुन्हा दाबलं. "लय निबर जात दिसते." मग त्यांनी तो दाणा डोळ्याजवळ नेला, हुंगला आणि सरळ तोंडात टाकला.

डब्यात एक बाई किंचाळली.

"जवस!" माणिकबाई दाणा चावत म्हणाल्या. "अरे बापा, लेकराच्या डोक्यात पेरणी काहून केली?"

सगळा डबा परत आला. मूर्तिजापूर येईपर्यंत मी माझी कहाणी दोनदा सांगितली, कारण मागच्या लोकांना पहिल्यांदा ऐकू आली नव्हती. माणिकबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सासरी चालले ना? मंग आता पानी लावू नका, हातही लावू नका. आन् गेल्याबरोबर खरं सांगून मोकळे व्हा. केस सुधरतात बापा. लबाडी गुंतली का निंगत नाही."

मी मान डोलावली आणि अकोल्यापर्यंत एक चांगलीशी लबाडी शोधत बसलो.

जुन्या शहरातल्या सासऱ्यांच्या घरासमोर टांगा थांबला तेव्हा ओसरीवर हळद दळणं चालू होतं. सुभद्रा धावत आली. जमुनेच्या डोक्यावरचा फेटा तिनं उचलला. तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही, आणि आमच्या अकरा वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आई, मीच लावलं," जमुना म्हणाली. "बाबा कचेरीत होते."

इथं मला कबूल करायचं आहे. माझ्या हातात ट्रंक होती. ती खाली ठेवायला मी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लावला. पोरगी ताठ उभी होती, आईच्या डोळ्याला डोळा भिडवून, आणि तिचा उजवा हात मात्र माझ्या धोतराचा सोगा घट्ट धरून होता. ट्रंक एकदाची खाली ठेवली.

"ती खोटं बोलून राहिली," मी म्हणालो. "मीच केलं. साबण बी मीच लावला."

"कोणता साबण?"

"कपड्याचा."

त्यानंतर सुभद्राला आवाज फुटला. तो मोर्णा नदीच्या पलीकडं गेला असावा. मांडव घालणारे गडी बांबू सोडून पाहायला आले. सासरे खुशालराव पेपर घेऊन मागच्या दारानं वावरात निघून गेले. बोलणं रंगात आलं होतं, इतक्यात सासूबाई पार्बताबाई हळदीचे हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी जमुनेची एक बट बोटात धरली, चोळली, पाहिली.

"कैची लावली का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग वरडून काहून राहिली, सुभद्रे? केस तं आहेत ना डोक्यावर! आन तेल."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. तिळाचं तेल कोमट केलं आणि ते त्यांनी पाणी न लावता त्या टणक केसांत मुरवलं. तेल लागलं की जवसाचा दाणा नरम आला, चिकटपणा सोडून घरंगळायला लागला. डोक्याचे चार भाग केले. एकेका भागावर एकेक बाई बसली. बोटांनी, टोकापासून, तसूतसूनं वर. गाठ लागली की ओढायचं नाही, वरचे केस मुठीत धरून खालची गाठ उलगडायची, म्हणजे लेकराला दुखत नाही. दोन तास हे चाललं होतं. जमुना एकदाही ओरडली नाही, उलट पेंगायला लागली. दाणे परातीत पडत होते आणि दारातल्या कोंबड्या परातीभोवती फेर धरून होत्या. मग शिकेकाई आणि रिठ्याचं पाणी. मग पुसणं नाहीच, जुन्या लुगड्याच्या मऊ पदरात केस धरून नुसते दाबायचे.

"आता जवस उकडा," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं त्या टोमणा मारताहेत. त्या टोमणा मारत नव्हत्या.

"आमी आजीपासून जवसच लावतो, जवाईबापू. त्याच्याबिगर कुरळे केस वळणावर राहत नाही. तुमी सारं बराबर केलं. फक्त गाळलं नाही."

म्हणजे अमरावतीच्या अंगणात मी एकटा, कोणाच्याही मदतीविना, सासरच्या पिढीजात गुपितापर्यंत जाऊन पोचलो होतो आणि एका फडक्यानं हुकलो होतो! गाळायचं काम अर्थात मला दिलं. गरमच गाळावं लागतं, निवलं की फडक्यातून उतरत नाही. माझी दहाही बोटं पोळली. पण वाटीत उतरलं ते काय सांगू, निवळ, पांढुरकं, लोण्यासारखं हलकं. सासूबाईंनी ते ओल्या केसांना लावलं, एकेक बट करंगळीभोवती गुंडाळून सोडून दिली.

"आता वाळेपर्यंत कोनी हात लावाचा नाही."

मी तीन वेळा लावायला गेलो. तिन्ही वेळा सासूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. चौथ्या वेळी जमुनेनं मारली.

मंगळवारी जमुना मामाच्या मागं करा घेऊन उभी राहिली. हिरवं परकर-पोलकं, मोगऱ्याचा गजरा, आणि त्याखाली पाठीवर उतरलेल्या बटा, एकीवर एक, प्रत्येक आपल्या वळणात, मान हलवली की साऱ्या एकदम झुलत. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि नवरीकडच्या बायका 'सावधान' झाल्यावरही करवलीकडंच पाहत होत्या. अक्षता पडल्यावर तिघीचौघी सासूबाईंना विचारायला आल्या. सासूबाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. "आमच्या जवाईबापूनं जवस गाळला," त्या म्हणाल्या. मी कोट नीट केला.

जेवणं आटोपल्यावर आम्ही घरचे लोक ओसरीवर बसलो. सुभद्राचा राग गेला होता. ती विडे लावत होती. मलाही आता चांगलं स्फुरण चढलं होतं.

"एवढं मोठं शास्त्र घरात होतं, अन् अकरा वर्षांत तू मले सांगतलं नाही," मी म्हणालो. "घरी करते तवा मले दिसत कसं नाही?"

"तुमी कचेरीत असता तवा करतो. दोन-तीन दिवसाचं एकदम करून ठेवतो," सुभद्रा म्हणाली. "फडताळात असते, वरच्या खणात. झाकणाच्या पितळी वाटीत."

मी विडा हातातच धरला. "कोणती पितळी वाटी?"

"एकच तं आहे."

"त्या वाटीत," मी हळूच म्हणालो, "साबुदाण्याची खीर असते ना?"

सुभद्रानं पानाला चुना लावायचं थांबवलं.

"कोनं सांगतलं खीर असते?"

"कोणी सांगतलं नाही. मी... रविवारी दुपारी तू तानुबाईकडं जाते ना, तवा जरा... फिकी असते म्हणून मी गूळ टाकून घेत होतो."

"किती दिवसापासून?"

"दिवस नाही," मी म्हणालो. "तीनेक वर्षं."

पहिल्यांदा जमुना हसली. मग सासूबाई पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळल्या. नवरदेव चंद्रभान मुंडावळ्यांसकट आडवा झाला. सुभद्रा मात्र हसत नव्हती. ती कपाळावर हात मारून बसली होती.

"अवं माय! मी म्हणो वाटी अर्धी कशी होते! मले वाटलं ते अंगणातली घाऱ्या डोळ्याची मांजर पिऊन जाते. तीन वर्ष झाले, मी त्या मांजरीले दारात उभी राहू देल्ली नाही. कुंच्यानं मारलं तिले!"

अमरावतीला परत आल्यावर घराचं कुलूप काढलं आणि ट्रंक उतरवायच्या आधी सुभद्रानं मला पिटाळलं. मी बशीभर दूध घेऊन मागच्या अंगणात गेलो. मांजर कुंपणाशी बसलेली होती. सुभद्रा आणि जमुना दारात उभ्या राहून पाहत होत्या, पलीकडून नत्थुजी पाहत होते. मी बशी तिच्यापुढं ठेवली आणि "घे बाई," असं म्हणालो.

मांजर उठली, दूध हुंगलं, माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, आणि बशीकडं पाठ करून नत्थुजींच्या घरी निघून गेली.